हिवताप उलटतो, तेव्हा...

पावसाळ्याच्या उत्तरार्धात हुडहुडी भरून ताप येतो. एक-दोन दिवस अंगावर काढल्यावर रुग्ण दवाखान्यात जातो, रक्ताची तपासणी होते आणि अहवालावर ‘व्हायवॅक्स’ असा शेरा येतो. क्लोरोक्विनच्या गोळ्या सुरू होतात. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो, तोंडाला चव येते, रुग्ण कामावर रुजू होतो. डॉक्टरांनी चौदा दिवसांसाठी दिलेल्या दुसऱ्या गोळ्यांची पट्टी मात्र अर्धीमुर्धी संपून कपाटात पडून राहते. पुढे दिवाळीची गडबड सरते न सरते तोच पुन्हा तीच हुडहुडी, तोच ताप आणि तोच घाम. ‘पुन्हा डास चावला असेल,’ असे म्हणून घरातली मंडळी मोकळी होतात. पण पुष्कळदा नवा डास चावलेला नसतो. जुनाच हिवताप उलटलेला असतो.

ताप उतरणे आणि रोग जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे हिवतापाच्या या प्रकाराइतके स्पष्टपणे क्वचितच दुसरा एखादा रोग दाखवून देतो. औषधांचा क्रम अर्ध्यावर सोडण्याचे परिणामही केवळ त्या रुग्णापुरते राहत नाहीत. म्हणूनच हा हिवताप का उलटतो, तो मुळापासून कसा काढता येतो आणि त्या औषधाबाबत कोणती सावधगिरी आवश्यक आहे, हे जाणून घेणे शहरी कुटुंबांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

ठराविक अंतराने परतणारा ताप आपल्याकडे फार पूर्वीपासून परिचित आहे. आयुर्वेदाने अशा तापांना विषमज्वर म्हटले व त्यांच्या पाळीवरून तृतीयक, चतुर्थक असे भेद केले. चरकसंहितेत तर अशा ज्वराचा दोष शरीरात दडून राहतो आणि योग्य काळ येताच उसळतो, हे समजावताना जमिनीत पडून राहिलेल्या बियाण्याचा दृष्टान्त दिलेला आहे. जंतूंची कल्पना त्या काळी नव्हती. परंतु निरीक्षण अचूक होते. हे ‘बियाणे’ नेमके कोठे दडते, हे मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच उलगडले.

दोन परोपजीवी, दोन स्वभाव

प्लाझ्मोडियम या परोपजीवीच्या पाच जातींमुळे माणसाला हिवताप होतो. आपल्याकडे त्यांपैकी दोन महत्त्वाच्या आहेत. गडचिरोलीसारख्या जंगलव्याप्त भागात फाल्सिपेरमचा प्रादुर्भाव मोठा असतो, तर मुंबईसारख्या शहरांत व्हायवॅक्सचा. फाल्सिपेरम अधिक घातक आहे. उपचाराला उशीर झाल्यास तो मेंदू, मूत्रपिंडे आणि फुप्फुसे यांवर आघात करतो. परंतु एकदा तो रक्तातून नाहीसा झाला की त्या लागणीचा प्रश्न संपतो. व्हायवॅक्सचे तसे नाही. तो रक्ताबरोबरच यकृतातही आपला साठा राखून ठेवतो. आफ्रिकेत मुख्यत्वे आढळणाऱ्या ओव्हेल या जातीचीही हीच रीत आहे.

व्हायवॅक्सला वैद्यकीय ग्रंथांतून दीर्घकाळ ‘सौम्य’ हे विशेषण लावले गेले. त्यामुळे त्याच्याकडे काहीसे दुर्लक्षही झाले. प्रत्यक्षात व्हायवॅक्समुळेही तीव्र रक्तक्षय, श्वसनाचा त्रास यांसारख्या गंभीर अवस्था उद्भवू शकतात. रक्तातील प्लेटलेट घटल्याने सुरुवातीला डेंग्यूचा संशय येऊन हिवतापाची तपासणी राहून जाते, असेही घडते. त्यातच आजार वारंवार उलटत राहिला तर प्रत्येक खेपेस लाल पेशींचा नाश होतो. लहान मुले फिकी व अशक्त होतात, गर्भवतीच्या बाळाचे वजन कमी भरण्याचा धोका वाढतो आणि रोजंदारीवर जगणाऱ्याचे दरवेळी काही दिवसांचे उत्पन्न बुडते. एका वेळचा ताप सौम्य असेलही. पण पाच वेळा येणाऱ्या तापाला सौम्य म्हणता येत नाही.

यकृतातील झोप

हिवतापाचे जंतू बाळगणारी ॲनोफिलिस डासाची मादी चावते तेव्हा तिच्या लाळेवाटे काही सूक्ष्म बीजाणू माणसाच्या रक्तात उतरतात. ते रक्तात फार काळ थांबत नाहीत. अल्पावधीतच यकृत गाठून तेथील पेशींत शिरतात. त्यांपैकी काही लगेच वाढू लागतात. साधारण आठवडाभरात अशा एकेका पेशीत हजारो नवे परोपजीवी तयार होतात, पेशी फुटते आणि ते रक्तात येऊन लाल पेशींवर हल्ला चढवतात. दर ४८ तासांनी लाल पेशी एकाच सुमारास फुटू लागल्या की हुडहुडी, ताप आणि घाम हे चक्र सुरू होते. एक दिवसाआड येणारा ताप तो हाच. मात्र सुरुवातीच्या दिवसांत ताप रोजही येऊ शकतो. त्यामुळे पाळी दिसत नाही म्हणून हिवताप नाही, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते.

यकृतात शिरलेले सर्वच बीजाणू मात्र वाढत नाहीत. व्हायवॅक्सचे काही बीजाणू पेशीत शिरून तसेच निपचित पडून राहतात. या अवस्थेला शास्त्रज्ञ ‘हिप्नोझोइट’, म्हणजे निद्रिस्त परोपजीवी, असे म्हणतात. तो वाढत नाही, रक्तात उतरत नाही, ताप आणत नाही. नेहमीच्या रक्ततपासणीत तो सापडत नाही आणि क्लोरोक्विनचाही त्याच्यावर परिणाम होत नाही. काही आठवड्यांनी वा काही महिन्यांनी तो जागा होतो, यकृतात वाढतो आणि रक्तात उतरून नव्याने आजार निर्माण करतो. एकाच वेळच्या लागणीतून असे अनेक निद्रिस्त परोपजीवी मागे राहिलेले असू शकतात. ते वेगवेगळ्या वेळी जागे झाले, की एकाच डासाच्या दंशातून तापाच्या अनेक पाळ्या उद्भवतात.

या झोपेमागे निसर्गाचे एक गणित आहे. परोपजीवीला आपला वंश चालवण्यासाठी डास हवा. पण डास बारा महिने सारख्याच प्रमाणात नसतात. थंड प्रदेशात तर हिवाळाभर त्यांचा मागमूस नसतो. अशा काळात माणसाच्या यकृतात झोपून राहणे आणि डासांचा हंगाम येताच रक्तात प्रकट होणे परोपजीवीच्या सोयीचे ठरते. म्हणून समशीतोष्ण प्रदेशातील व्हायवॅक्स आठ-दहा महिन्यांनीही उलटतो, तर उष्ण प्रदेशांतील काही वाण महिना-दीड महिन्यातच पुन्हा डोके वर काढतात. भारतात लवकर आणि उशिरा उलटणारे असे दोन्ही वाण आढळतात.

अर्धशतकाचे कोडे

फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हरान यांनी १८८० मध्ये अल्जीरियात रुग्णाच्या रक्तात हिवतापाचा परोपजीवी पाहिला. २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबाद येथे ॲनोफिलिस डासाच्या पोटात त्याची वाढ होत असल्याचे आढळले. माणूस आणि डास ही दोन्ही टोके सापडली. पण डास चावल्यापासून रक्तात परोपजीवी दिसेपर्यंत आठवड्याहून अधिक काळ तो असतो कोठे, याचे उत्तर मिळेना. बीजाणू थेट लाल पेशीत शिरताना आपण पाहिल्याचे जर्मन शास्त्रज्ञ शाउडिन यांनी १९०३ मध्ये जाहीर केले. त्यांच्या अधिकारामुळे ही चुकीची समजूत पुढे कित्येक दशके टिकून राहिली.

अखेर १९४८ मध्ये लंडनमध्ये हेन्री शॉर्ट आणि सिरिल गार्नहॅम यांनी परोपजीवीची यकृतातील अवस्था दाखवून दिली. त्यांपैकी शॉर्ट यांचा जन्म पंजाबातला आणि त्यांच्या कारकिर्दीचा मोठा भाग भारतातील वैद्यकीय सेवेत गेलेला. तरीही महिनोन्‌महिने गप्प राहणारा परोपजीवी प्रत्यक्ष दिसायला १९८० चे दशक उजाडावे लागले. क्रोटोस्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या सुमारास यकृताच्या पेशींत निद्रिस्त अवस्था ओळखून दाखवली आणि ‘बियाण्या’चा ठावठिकाणा निश्चित झाला.

औषध मात्र त्याआधीच हाती आले होते. कोरियाच्या युद्धात लढलेले अमेरिकी सैनिक मायदेशी परतल्यावर महिन्यांनी हिवतापाने आजारी पडू लागले. यावर उपाय म्हणून परतणाऱ्या सैनिकांना जहाजावरच प्रायमाक्विन हे नवे औषध देण्यास सुरुवात झाली. १९५२ मध्ये त्याला अमेरिकेत रीतसर मान्यता मिळाली. आजही यकृतातील साठा नष्ट करण्यासाठी जगभर प्रामुख्याने याच औषधाचा आधार घेतला जातो.

तीन दिवस आणि चौदा दिवस

व्हायवॅक्सच्या उपचारात दोन औषधे असतात आणि त्यांची कामे भिन्न आहेत. क्लोरोक्विन रक्तातील परोपजीवी मारते. वजनाच्या दर किलोमागे एकूण २५ मिलिग्रॅम ही मात्रा तीन दिवसांत विभागून दिली जाते. ताप उतरतो तो या औषधाने. यकृतातील निद्रिस्त परोपजीवींसाठी प्रायमाक्विन असते. भारतातील राष्ट्रीय उपचारपद्धतीनुसार ते दर किलोमागे ०.२५ मिलिग्रॅम, म्हणजे सर्वसाधारण प्रौढाला रोज १५ मिलिग्रॅम, असे १४ दिवस दिले जाते. रोगाच्या या ‘मुळासकट’ उपचाराचा परिणाम रुग्णाला जाणवत नाही. कारण ज्याच्याविरुद्ध तो चाललेला असतो, तो शत्रूच निपचित पडलेला असतो. बरे वाटू लागल्यावर गोळ्या सुटतात त्या यामुळेच.

मग हे औषध एक-दोन दिवसांतच का देत नाहीत? प्रायमाक्विनचा गुण मुख्यत्वे एकूण मात्रेवर अवलंबून असतो. पण ती सारी मात्रा एकदम दिली तर पोटदुखी, मळमळ असे त्रास होतात आणि काही व्यक्तींमध्ये रक्तावर गंभीर दुष्परिणाम होऊ शकतो. म्हणून ती विभागून द्यावी लागते. भारतात पूर्वी अनेक वर्षे प्रायमाक्विन केवळ पाच दिवस देण्याची पद्धत होती. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील संशोधकांनी पाच आणि चौदा दिवसांच्या क्रमांची तुलना करून १९९९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आजार उलटू न देण्याच्या दृष्टीने पाच दिवसांचा क्रम अपुरा असल्याचे त्यातून दिसले. पुढे राष्ट्रीय धोरणातही चौदा दिवसांचा क्रम आला. गोळ्या पाचव्या दिवशी थांबवणारा रुग्ण नकळत हीच जुनी, अपुरी ठरलेली पद्धत अवलंबत असतो.

क्रम लहान करण्याचे प्रयत्नही झाले आहेत. रोजची मात्रा दुप्पट करून सात दिवसांचा क्रम देण्याचा पर्याय जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये आपल्या मार्गदर्शक सूचनांत समाविष्ट केला. टॅफेनोक्विन या एकाच मात्रेत द्यावयाच्या औषधाला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. त्याची सोय उघड आहे. पण ते शरीरात कित्येक आठवडे रेंगाळते. प्रायमाक्विनने त्रास झाल्यास दुसऱ्या दिवशीची गोळी थांबवता येते; एकदा घेतलेले टॅफेनोक्विन मागे घेता येत नाही. त्यामुळे ते देण्यापूर्वी रक्ताची विशिष्ट तपासणी करणे अनिवार्य मानले जाते.

सावधगिरी कोठे?

ही तपासणी असते जी-६-पीडी या विकराची. लाल पेशींचे काही रासायनिक आघातांपासून रक्षण करणारा हा विकर काही व्यक्तींत जन्मतःच कमी असतो. एरवी त्यांना कसलाही त्रास नसतो. परंतु प्रायमाक्विन घेतल्यावर त्यांच्या लाल पेशी झपाट्याने फुटू शकतात. हा दोष एक्स गुणसूत्रावरून येत असल्याने पुरुषांत अधिक दिसतो. स्त्रियांमध्ये तो अंशतः असू शकतो आणि साध्या तपासणीत निसटूही शकतो. भारतात त्याची पहिली नोंद १९६३ मध्ये मुंबईत पारशी समाजाच्या अभ्यासातून झाली. त्यानंतर देशातील अनेक समाजांत व आदिवासी जमातींत तो कमी-अधिक प्रमाणात आढळला आहे.

यावरून प्रायमाक्विन टाळावे, असा अर्थ मात्र काढू नये. शक्य असेल तेथे औषध सुरू करण्यापूर्वी जी-६-पीडीची तपासणी करून घ्यावी आणि कुटुंबात हा दोष असल्यास डॉक्टरांना तसे आवर्जून सांगावे. दोष सौम्य वा मध्यम असल्यास आठवड्यातून एकदा याप्रमाणे आठ आठवडे, वैद्यकीय देखरेखीखाली प्रायमाक्विन देण्याचा पर्याय असतो. औषध सुरू असताना लघवीचा रंग काळ्या चहासारखा गडद झाला, डोळे पिवळे दिसू लागले, धाप लागली किंवा एकाएकी फार थकवा आला, तर गोळ्या तत्काळ थांबवून रुग्णालय गाठावे. गोळी उपाशीपोटी न घेता जेवणानंतर घेतल्यास पोटाचा त्रास कमी होतो.

गर्भवती स्त्रिया आणि एक वर्षाखालील बालके यांना प्रायमाक्विन दिले जात नाही. गर्भवतीच्या रक्तातील परोपजीवींवर क्लोरोक्विनने उपचार होतात. यकृतातील साठ्यावरील उपचार प्रसूतीनंतर, डॉक्टरांच्या सल्ल्याने करावे लागतात. ही गोष्ट प्रसूतीच्या धामधुमीत विसरली जाण्याचा संभव असल्याने ती रुग्णाच्या कागदपत्रांवर लिहून घेणे हिताचे. आणखी एक गोंधळ नेहमी होतो. फाल्सिपेरमच्या रुग्णालाही प्रायमाक्विन दिले जाते, पण एकदाच. त्याचा हेतू त्या रुग्णाकडून डासांना होणारी लागण थांबवणे हा असतो. शेजाऱ्याला एकाच दिवसाची गोळी दिली म्हणून आपल्यालाही तेवढी पुरे, असे समजून चालत नाही.

ताप परत आला, तर त्याची तीन कारणे संभवतात. यकृतातील परोपजीवी जागे झालेले असतात. किंवा रक्तातील परोपजीवी पहिल्या उपचाराने पुरते मेलेले नसतात. किंवा खरोखरच नवी लागण झालेली असते. नेहमीच्या तपासणीतून या तिघांतील फरक सांगता येत नाही. म्हणून मागील खेपेस हिवताप केव्हा झाला, कोणती जात होती, कोणती औषधे किती दिवस घेतली, हे डॉक्टरांना नेमके सांगणे आवश्यक असते. जुना अहवाल जपून ठेवण्याचे महत्त्व येथे कळते. घरात उरलेल्या गोळ्या मनानेच घेणे मात्र धोक्याचे. कारण या खेपेचा ताप फाल्सिपेरमचाही असू शकतो.

एका रुग्णाचा प्रश्न नव्हे

व्हायवॅक्सचा आणखी एक विशेष असा, की डासाला लागण करणारी त्याची अवस्था रुग्णाच्या रक्तात आजाराच्या प्रारंभीच तयार होते. निदान होऊन औषध सुरू होण्यापूर्वीच घरातील डासांना परोपजीवी मिळालेला असू शकतो. त्या डासांत साधारण दहा ते चौदा दिवसांत नवे बीजाणू तयार होतात. म्हणजे प्रत्येक उलटलेला ताप ही शेजारच्या चार घरांसाठी नवी सुरुवात ठरू शकते. ज्या वस्तीत गेले अनेक महिने एकही नवी लागण झालेली नाही, तेथेही एखाद्याच्या यकृतातील साठ्यातून रोग पुन्हा उभा राहतो.

शहरात त्याला साथ मिळते ती ॲनोफिलिस स्टीफन्साय या डासाची. डबकी-गटारांपेक्षा स्वच्छ, साठलेले पाणी त्याला मानवते. मुंबईतील हिवतापाची चौकशी करणारा डॉ. बेंटली यांचा अहवाल १९११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शहरातील विहिरी व पाण्याच्या टाक्या यांकडे बोट दाखवण्यात आले होते. विहिरी बुजवण्यास वा झाकण्यास त्या वेळी धार्मिक भावनांमुळे विरोधही झाला. आज विहिरींची जागा इमारतींच्या गच्चीवरील उघड्या टाक्यांनी, बांधकामांवर स्लॅब भिजवण्यासाठी साठवलेल्या पाण्याने आणि लिफ्टच्या खड्ड्यांनी घेतली आहे. २०१० च्या साथीत मुंबईत वर्षभरात ७६ हजारांच्या आसपास रुग्ण नोंदले गेले, तेव्हा बांधकामांची ठिकाणे आणि तेथील मजुरांची तपासणी हे विषय ऐरणीवर आले. कामाच्या शोधात गावोगाव फिरणाऱ्या मजुराला चौदा दिवस एकाच दवाखान्याच्या नजरेखाली राहणे कठीण जाते. त्याच्या गोळ्या पूर्ण होतील हे पाहणे ठेकेदाराचे आणि रहिवाशांचेही हित आहे.

अंड्यापासून डास तयार होण्यास उष्ण हवेत सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळून पिंपे, टाक्या, फुलदाण्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करून कोरड्या करण्याचा उपाय साधा असला तरी परिणामकारक आहे. गच्चीवरील टाकीला घट्ट झाकण आणि तिच्या हवेच्या नळीला जाळी, ही गृहनिर्माण संस्थेची जबाबदारी आहे. उपसता न येणाऱ्या पाण्यात गप्पी मासे सोडता येतात. धुराच्या फवारणीने उडणारे डास तेवढे मरतात. पाण्यातील अळ्या तशाच राहतात. हा डास मुख्यतः रात्री चावतो. त्यामुळे रुग्णाने, विशेषतः तापाच्या दिवसांत, मच्छरदाणीत झोपणे हे स्वतःपेक्षाही इतरांच्या रक्षणासाठी आवश्यक आहे.

देशाच्या पातळीवर हिवताप एकदा उलटलेला आहेच. स्वातंत्र्याच्या वेळी भारतात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे आणि आठ लाख मृत्यू होत, असा अंदाज होता. १९५३ मध्ये नियंत्रणाचा व १९५८ मध्ये निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि १९६० च्या दशकाच्या मध्यास रुग्णसंख्या लाखाच्या घरात आली. रोग संपला असे वाटून दक्षता सैल झाली. डासांमध्ये कीटकनाशकांना प्रतिकारही निर्माण झाला. १९७६ मध्ये रुग्णांची नोंद ६४ लाखांवर गेली. आता देशाने २०२७ पर्यंत स्थानिक लागण शून्यावर आणण्याचे आणि २०३० पर्यंत हिवतापमुक्त होण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. गेल्या दशकात रुग्णसंख्येत मोठी घट झालीही आहे. परंतु रक्तात न दिसणारा साठा यकृतांत शिल्लक असेपर्यंत कमी झालेले आकडे म्हणजे केवळ उतरलेला ताप होय.

हा साठा संपवण्याची जागा घराघरांत आहे. महापालिकेच्या आणि सरकारी दवाखान्यांत हिवतापाची तपासणी व औषधे मोफत मिळतात. गोळ्यांच्या पट्टीवर तारखा लिहून ठेवणे, घरातील एकाने रोज जेवणानंतर आठवण करणे आणि ताप उतरल्याच्या आनंदातही चौदावी गोळी चुकू न देणे, एवढेच रुग्णाच्या व कुटुंबाच्या हाती असते. व्हायवॅक्सच्या बाबतीत तेवढ्यावर पुष्कळ काही अवलंबून आहे.